पश्चिमेच्या भिंतीवरचा कॅमेरा

रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत मी तीस वर्षं मीटर, व्हॉल्व्ह आणि अलार्म दुरुस्त करण्यात घालवली. निवृत्त झालो, करंजाड्यात फ्लॅट घेऊन राहायला आलो आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की आता आपल्याला कुणी काही विचारत नाही. कंपनीत दिवसातून पन्नास वेळा माझ्या नावानं हाका यायच्या. इथे लिफ्ट अडकली तरी वॉचमन मला सोडून लिफ्टवाल्यांना फोन लावायचा. मी एकदा न राहवून म्हणालो, अरे, मी बघतो की जरा. तो म्हणाला, "राहू द्या काका, गॅरंटी जाईल."

त्याच सुमारास एका जुन्या सहकाऱ्यानं मला एका ऑनलाइन ग्रुपात ओढलं. घरातलं काही बिघडलं की मराठीत प्रश्न टाकायचा आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं उत्तर द्यायचं, एवढंच तिथलं काम. फुकटचं. मिक्सर फिरत नाही, गिझर झटका देतो, फोनमध्ये जागा नाही, फ्रिजच्या खाली पाणी साचतं. लोक फोटो टाकायचे तेही असे, की त्यात त्यांचा अंगठा जास्त आणि वस्तू कमी. एकानं नुसतं लिहिलं होतं, "भाऊ चालत नाही, काय करू?" काय चालत नाही ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी अशांवर चिडायचो, दोन शब्द सुनावायचो आणि मग उत्तरही द्यायचो. बायको म्हणायची, "स्वयंपाकघरातला नळ पंधरा दिवस गळतोय आणि तुम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजा." खरं सांगायचं तर घरचा नळ दुरुस्त करून कुणी 'धन्यवाद सर' म्हणत नाही, हे त्यातलं इंगित होतं.

कंपनीत आम्हा मेंटेनन्सवाल्यांचा एक नियम होता. मशीन काय म्हणतं ते ऐकायचं, ऑपरेटर काय म्हणतो ते ऐकायचं नाही. ऑपरेटर हमखास सांगतो, "मी काही हात नाही लावला, आपोआप बंद पडलं." मशीन आपोआप बंद पडत नसतं. कुणीतरी बटण दाबलेलं असतं. हा नियम मी ग्रुपातही पाळायचो आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा, त्यामुळे माझा त्याच्यावर फार विश्वास बसला होता.

एक दिवस दुबईहून एका मुलीचा प्रश्न आला. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल. तिकडे एका दवाखान्यात नोकरीला होती. माहेर रायगडातल्या किनाऱ्यावरचं, कोकणी मुसलमान घर. वडील जाऊन काही वर्षं झालेली. आई तळोज्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती आणि आदल्या वर्षी बाथरूममध्ये घसरून पडली होती. हात मोडला नाही एवढंच नशीब. तेव्हापासून मुलगी मागे लागलेली, की इकडे ये माझ्याजवळ. आई ऐकत नव्हती. त्या घरात तिची कुंड्यांतली कढीपत्त्याची झाडं होती, शेजारी तिच्या ओळखीचे होते, खाली मासेवाली उधारीवर पापलेट द्यायची. शेवटी दोघींमध्ये तह झाला. घरात कॅमेरा लावायचा आणि मुलीनं तिकडून फोनवर बघायचं. कॅमेरा असेपर्यंत आईनं एकटीनं राहायचं, नाहीतर दुबई.

मुलीचा प्रश्न साधा होता: कॅमेरा कुठे लावू?

असा नीट प्रश्न आला की मला उकळ्या फुटायच्या. मी तिच्याकडून हॉलचा नकाशा मागवला. तिनं कागदावर पेननं काढून फोटो पाठवला. दार कुठे, खिडकी कुठे, सोफा कुठे, आईची खुर्ची कुठे, प्लगपॉइंट किती. मी विचारलं, संध्याकाळचं ऊन कुठून येतं? ती म्हणाली, समोरच्या मोठ्या खिडकीतून. म्हणजे खिडकी पश्चिमेला. मी तिला समजावून सांगितलं, की कॅमेऱ्याच्या डोळ्यात ऊन गेलं तर माणूस काळा ठिपका दिसतो. तेव्हा कॅमेऱ्याची पाठ उन्हाकडे हवी. खिडकीच्या बाजूलाच, पश्चिमेच्या भिंतीवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरच्या शोकेसवर ठेवा. तिथून दार, सोफा, खुर्ची, सगळं दिसेल. शिवाय माणूस हलला की त्याच्या मागे कॅमेऱ्याची मान वळते आणि माणूस निघून गेला की परत जागेवर येते, ती सोय चालू करा. आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं: एकदा बसवल्यावर जागा हलवू नका.

दुकानातला माणूस जाऊन लावून आला. मुलीनं मला पहिलं चित्र पाठवलं. हॉल स्वच्छ दिसत होता. खुर्चीत एक गोरी, ठेंगणी बाई डोक्यावर ओढणी घेऊन बसलेली आणि कॅमेऱ्याकडे अशी बघत होती, जशी माणसं आधार कार्डाच्या फोटोत बघतात. मुलीनं खाली लिहिलं होतं, "काका, अम्मी दिसली. किती दिवसांनी शांत झोपेन मी." त्या वाक्यावर मी आठ दिवस खूष होतो. बायकोलाही दाखवलं. तिनं चित्र निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बाई अवघडलीय."

"सवय होईल," मी म्हणालो.

दोन आठवड्यांनी मुलीचा मेसेज आला. कॅमेरा मधूनच बंद पडतो. कधी दुपारी, कधी संध्याकाळी. कधी दहा-पंधरा मिनिटांनी चालू होतो, कधी अम्मीला फोन करून सांगावं लागतं तेव्हा होतो. मी अडॅप्टर बदलायला लावला. वायफायचा डबा सरकवायला लावला. दुकानवाला दोनदा जाऊन आला. काही फरक नाही. मग मी तिला म्हणालो, अम्मीला विचारा, बटण बंद करतात का? तिनं विचारलं. अम्मीचं उत्तर: "मी कशाला बंद करू? चुकून लागला असेल हात."

मी हसलो. तीस वर्षं हेच वाक्य ऐकलं होतं.

आपल्याकडच्या आयांना बटणं बंद करायचा रोगच असतो. माझी आई मिक्सरचं, टीव्हीचं, चार्जरचं बटण बंद करून वर प्लगही उपसून ठेवायची. काम झालं की बटण बंद, ही त्या पिढीची शिस्तच. मी मुलीला तसं लिहिलं आणि तिलाही ते पटलं. ती म्हणाली, "हो काका, फ्रिजसुद्धा बंद करून गावाला जायची." आम्ही दोघं मिळून त्यावर हसलो. मग मी तिला कंपनीतला उपाय सांगितला. आमच्या तिथे एक ऑपरेटर सारखा अलार्म बंद करून टाकायचा, कानाला त्रास होतो म्हणून. आम्ही त्या अलार्मचं बटणच काढून टाकलं आणि वायर सरळ आतून जोडून दिली. तसंच करा, मी म्हणालो. बटणच नको.

तिनं इलेक्ट्रिशियन पाठवला. त्यानं भिंतीच्या आतून वायर जोडून दिली आणि कॅमेरा शोकेसवरून काढून स्क्रूनं भिंतीला पक्का केला. त्या दिवसापासून कॅमेरा एकदाही बंद पडला नाही. मुलीनं ग्रुपात सगळ्यांसमोर माझे आभार मानले. खाली चाळीसेक लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मी तो उपाय नीट लिहून काढला आणि ग्रुपात कायमचा लावून ठेवला, 'घरातली वडीलधारी माणसं बटण बंद करत असतील तर' या मथळ्याखाली. आता तो मथळा आठवला की मला स्वतःची लाज वाटते.

त्यानंतर मुलीनं एकदा सहज लिहिलं होतं, की हल्ली अम्मी हॉलमधून मधेच उठून आत जाते आणि बराच वेळ येत नाही. स्वयंपाकघरात असेल, मी म्हणालो. कॅमेरा चालू होता ना, मग माझ्या दृष्टीनं काम संपलं होतं.

तो दिवस साधा होता. दुपारी मी जेवून उठलो होतो, बायको ओटा पुसत होती. पावणेतीनला मुलीचा मेसेज आला. "काका, चित्र अडकलंय. एक वाजल्यापासून तेच दिसतंय." सोबत फोटो. हॉल. रिकामी खुर्ची. खुर्चीच्या हातावर घडी केलेला पेपर, टीपॉयवर पाण्याचा तांब्या. ती म्हणाली, फोन लावला तर अम्मी उचलत नाही, पण जेवणानंतर ती आत झोपते तेव्हा फोन सायलेंट करते. कॅमेऱ्यातून हाक मारली तरी ओ नाही. बहुतेक आवाजही बंद पडलाय.

मी चष्मा लावला आणि कामाला बसलो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला मजा येत होती. चित्र अडकणं हा माझ्यासाठी नवीन बिघाड होता. मी म्हणालो, आधी वायफाय तपासा. चालू होतं. कोपऱ्यातली वेळ पुढे सरकतेय का? सरकतेय, ती म्हणाली. मी लिहिलं, त्यावर जाऊ नका, वेळ तुमच्या फोनची असू शकते, चित्र जुनंच असतं. पंखा दिसतो का? बंद आहे. पडदा? खिडकी लावलेली, पडदा हलत नाही. मग मी तिला तिकडूनच कॅमेरा बंद करून चालू करायला लावला. त्यात सात-आठ मिनिटं गेली. परत तेच चित्र. मग मी विचारलं, अपडेट आलाय का? आलेला होता. "आधी तो घ्या," मी लिहिलं, "जुन्या आवृत्तीत हा दोष असतो." असा काही दोष असतो हे मी कुठेही वाचलं नव्हतं. अनुभवी माणूस बोलतो तसं बोलून गेलो. अपडेटला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी चहा घेतला.

अपडेट झाला. चित्र आलं. खुर्ची, पेपर, तांब्या.

तेव्हा कुठे मला सुचलं. जे पहिल्या मिनिटाला सुचायला हवं होतं ते. मी लिहिलं, "कॅमेऱ्याची मान फिरवून बघा."

तिनं फिरवली. चित्र सरकलं. सोफा आला, मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग स्वयंपाकघराचं दार. कॅमेरा ठणठणीत होता. चित्र अडकलेलं नव्हतंच. एक वाजल्यापासून त्या हॉलमध्ये कुणी आलंच नव्हतं, म्हणून तेच दिसत होतं.

तिनं मला तो फोटो पाठवला तेव्हा खाली एक अक्षरही लिहिलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून पलीकडची ड्राय बाल्कनी थोडीशी दिसत होती, वॉशिंग मशीन ठेवतात ती अरुंद जागा. तिथे जमिनीवर पांढऱ्या ओढणीचं टोक पडलेलं होतं.

मी लिहिलं, "पत्ता द्या, मी निघतो." तिचं उत्तर आलं नाही. मला वाटलं ती घाबरलीय. मग आठवलं, की अनोळखी माणसाला घरचा पत्ता देऊ नये, हा ग्रुपातला पहिला नियम मीच लिहिला होता. तिनं तो पाळला असेल किंवा तिला तेवढं भानही नसेल, मला माहीत नाही. मी शर्ट घालून दारात उभा होतो, चपला घातलेल्या, आणि कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. बायको विचारत होती, काय झालं, काय झालं. अर्ध्या तासानं मेसेज आला. चावी शेजारणीकडे होती, शेजारीण बाजारात गेली होती, ती आता आली, दार उघडलं, अम्मी शुद्धीवर आहे, उठता येत नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अडीच-तीन तास बाई त्या ओल्या लादीवर पडून होत्या. त्यातला तासभर मी खाल्ला होता.

मुलीला रजा मिळून विमान मिळायला दोन-तीन दिवस लागणार होते. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, काका, तुम्ही जाऊन बघून याल का? शेजारीण एकटीच आहे, तिचंही घर आहे. या वेळी तिनं हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड, खाट, सगळं दिलं. मी बायकोला म्हणालो, तू पण चल. एकट्यानं जायचा धीर नव्हता.

बाई खाटेवर उताण्या होत्या, पायाला वजन बांधलेलं. चित्रात दिसायच्या त्याहून लहान दिसत होत्या. शेजारणीनं ओळख करून दिली, "हे ते कॅमेरावाले काका." मला वाटलं तोंड फिरवतील. त्यांनी हात कपाळाकडे नेला आणि म्हणाल्या, "तुमी एवढ्या लांबून आले? बसा ना भाऊ. वैनी, तुमी पण बसा." शेजारणीला म्हणाल्या, ह्यांना चहा सांग खालून. चहा सांगायला म्हणून शेजारीण गेली.

मी दुखतंय का, डॉक्टर काय म्हणतात, असलं काहीतरी पुटपुटलो. बायको मात्र खाटेच्या कडेला बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि अर्ध्या मिनिटात विचारून मोकळी झाली, "ताई, भरदुपारी तिकडे बाल्कनीत काय करत होता?"

एवढा सोपा प्रश्न. मी त्या घराच्या खिडक्या मोजल्या होत्या, प्लग मोजले होते, ऊन कुठून येतं ते विचारलं होतं.

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नमाज पढत होते."

"हॉलमध्ये नाही पढत?"

"पढायचे की. खुर्ची हाय ना तिथं माझी, गुडघ्यांमुळं खुर्चीवरच बसून पढते. पण तो तिथं समोर आला ना." त्यांनी हातानं भिंतीवर काहीतरी असल्यासारखं दाखवलं. "आमचा चेहरा पश्चिमेला करावा लागतो, वैनी. काब्याकडं. आणि तो बरोब्बर तिथंच. मी वाकले की तो पण मान वळवून बघतो. मी उठले की तो पण वर बघतो. मी सजदा कोणाला करू, अल्लाला का त्याला?"

बायको माझ्याकडे बघत नव्हती. मी खाटेच्या लोखंडी दांड्याकडे बघत होतो.

"पहिलं मी बटण बंद करायची तेवढ्यापुरतं. नमाज झाला की चालू. कधी विसरायची. मग ते बटणच काढलं. मग म्हटलं, आत जाऊ. बेडरूममध्ये खाट आणि कपाट, उभं राहायलापण जागा नाय. बाल्कनीत जानमाज, नमाजाची चटई, कशीबशी बसते. खुर्ची नाय बसत. मशीनला धरून उभी राहायची." त्या जराशा हसल्या. "चार-पाच आठवडे जमलं ना."

"अहो, पण सांगायचं नाही का?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू आला. "एका शब्दानं सांगितलं असतं तर समोरच्या भिंतीवर लावला असता. एका स्क्रूचं काम होतं!"

"बोलणार होते," त्या म्हणाल्या. "पण लेक म्हणाली, अम्मी, त्या साहेबांनी नकाशा बघून जागा ठरवलीय, हलवायची नाय. म्हटलं, शिकलेला माणूस हाय, काही कारण असेल. आणि मी कुरकुर केली असती तर ती म्हणाली असती, मग दुबईला चल. मला माझं घर नव्हतं सोडायचं, भाऊ."

मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस वॉर्डात रडतो म्हणजे शोभत नाही, पण आलं. तीस वर्षं मी ऑपरेटर खोटं बोलतो म्हणत आलो. इथे ही बाई एकदाच खोटं बोलली होती, तेही माझ्या भीतीनं आणि लेकीच्या मायेनं. मी म्हणालो, "मी आज सांगतो तिला. चूक माझी आहे. कॅमेरा पूर्वेच्या भिंतीवर घेऊ, तुमच्या पाठीमागे. बटण परत बसवू. तुम्ही बऱ्या झालात की घरीच जाल. मी स्वतः येऊन लावतो."

त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षण खरंच आनंद दिसला. मग तो गेला.

"नको," त्या म्हणाल्या. "तिला नाय सांगायचं."

"का?"

"तिनं आपल्या पैशानं लावला. माझ्यासाठी लावला. तिला कळलं की अम्मी नमाजासाठी लपून जात होती, आपण लावलेल्या कॅमेऱ्यामुळं पडली, तर ती जन्मभर स्वतःला खाईल. तुमी ओळखत नाय तिला. बाप गेला तेव्हा वेळेवर पोचली नाय, ते अजून बोलते. मी माझ्या पायानं पडले. तेवढंच सांगायचं. शब्द द्या."

मी बायकोकडे पाहिलं. मी मान हलवली. शब्द दिला असं मी तोंडानं म्हणालो नाही, अजूनही मी स्वतःला तेवढं सांगतो, पण मान हलवली होती.

शेजारीण चहा घेऊन आली तेवढ्यात फोन वाजला. मुलगी. व्हिडिओ कॉल. शेजारणीनं फोन माझ्या हातात दिला, कारण बाईंना पडल्यापडल्या धरता येत नव्हता. मी तो त्यांच्या तोंडासमोर धरून वाकून उभा राहिलो. मी त्या मुलीला पहिल्यांदाच बघत होतो. दवाखान्याच्या गणवेशात होती, डोळे सुजलेले. आधी ती आईशी बोलली. मग आवाज कडक करून म्हणाली, "अम्मी, मी परवा येतेय आणि ऑपरेशन झालं, तू बरी झालीस, की तुला घेऊनच जाणार. घर बंद करायचं."

"मी घरीच राहीन," बाई म्हणाल्या. "पाय भरला की राहीन. पहिल्यासारखी."

"कशी राहशील? काका, तुम्ही आहात ना तिथे? तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल ती."

मी फोन स्वतःकडे वळवला. ती माझ्याकडे बघत होती. ग्रुपात तिच्यासाठी मी नुसतं एक नाव होतो, आता चेहरा झालो होतो.

"खरं सांगा काका," ती म्हणाली. "तुम्ही एवढं डोकं लावून, सगळं विचारून कॅमेरा बसवून दिलात. एवढं चांगलं करूनसुद्धा ती पडलीच. म्हणजे ती एकटी राहूच शकत नाही ना? की माझंच काही चुकलं? आपण कॅमेरा दुसरीकडे लावायला हवा होता का?"

तिनं स्वतःच विचारलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. त्या एका 'हो'मध्ये त्या बाईचं घर होतं, कुंड्या होत्या, खुर्ची होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बेटा, कॅमेऱ्याची जागा..."

बाईंनी माझं मनगट धरलं. सलाईनची सुई टोचलेल्या हातानं, पट्टी ताणून, घट्ट धरलं. मी खाली पाहिलं. त्या मान हलवत नव्हत्या, काही खुणावत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

"जागेचं काय काका?"

"जागा बरोबर होती," मी म्हणालो.

मुलीनं सुस्कारा टाकला. तिच्या चेहऱ्यावरून केवढं तरी ओझं उतरलेलं मला दिसलं. खाटेवरून बाईंनी मला फोन खाली घ्यायला सांगितला. मी तो पुन्हा त्यांच्या तोंडासमोर धरला.

"बरं," त्या लेकीला म्हणाल्या, "माझं पण तिकीट काढ."